खाद्यपदार्थांच्या शब्दांतून इंग्रजी काउंटेबल आणि अनकाउंटेबल नामांचा सराव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘किती’ हा एकच शब्द साखरेलाही चालतो आणि अंड्यांनाही चालतो. इंग्रजीत साखरेसाठी एक प्रश्न आहे आणि अंड्यांसाठी दुसरा, आणि तो विचारण्यापूर्वी समोरचे नाम कोणत्या गटातले आहे हे मनाशी ठरवावे लागते. इंग्रजी शिकवताना या विषयावर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते त्यांच्या उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. सर्व इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत, कारण या विषयात वाचण्यापेक्षा मोठ्याने म्हणून पाहणे अधिक उपयोगी पडते.

काउंटेबल आणि अनकाउंटेबल नाम म्हणजे नेमके काय?

ज्या नामाला इंग्रजीत ‘वन’, ‘टू’, ‘थ्री’ असा आकडा थेट लागतो आणि ज्याचे अनेकवचन होते, ते काउंटेबल नाम होय. उदाहरणार्थ, ‘वन एग’, ‘टू एग्ज’ किंवा ‘वन बनाना’, ‘थ्री बनानाज’. ज्याला आकडा थेट लागत नाही, ज्याचे अनेकवचन होत नाही आणि ज्याच्याबरोबर क्रियापद एकवचनीच येते, ते अनकाउंटेबल नाम होय. ‘मिल्क’, ‘राइस’, ‘बटर’, ‘सॉल्ट’ ही अशी नामे आहेत. व्याकरणाच्या काही पुस्तकांत यांनाच ‘मास नाउन’ म्हणतात, आणि मराठी व्याकरणातली पदार्थवाचक नामांची कल्पना त्यांच्या बरीच जवळ जाते.

मात्र ‘अगणनीय’ हा प्रतिशब्द वाचून अनेक जण मनात ‘अगणित’ असा अर्थ घेतात आणि तेथेच वाट चुकते. आकाशातले तारे अगणित आहेत, तरी ‘स्टार’ हा शब्द काउंटेबल आहे. बशीत चिमूटभरच मीठ आहे, तरी ‘सॉल्ट’ अनकाउंटेबल आहे. वस्तू थोडी आहे की पुष्कळ आहे, याच्याशी या वर्गवारीचा काही संबंध नाही. इंग्रजी भाषा त्या वस्तूकडे सुटे नग म्हणून पाहते की एकसंध पदार्थ म्हणून, एवढेच येथे पाहायचे असते. म्हणून हा गुण वस्तूचा नसून शब्दाचा आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

सरावासाठी खाद्यपदार्थांचेच शब्द का निवडायचे?

कारण दोन्ही गटांतले शब्द एकाच टेबलावर शेजारी शेजारी मिळतात आणि ते रोज तोंडी येतात. ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ हेही अनकाउंटेबलच आहेत आणि त्यांच्यातही चुका होतात, पण त्यांचा असा रोज हाताळत सराव करता येत नाही. दूध ओतताना आणि अंडे उचलताना हाताला जो फरक जाणवतो तो भाषेतल्या फरकाशी पुष्कळदा जुळतो, आणि जेथे जुळत नाही ती ठिकाणे लक्षात ठेवणे मग सोपे जाते.

तांदळाचे दाणे मोजता येतात, मग ‘राइस’ अनकाउंटेबल कसा?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. दाणे मोजता येतात हे खरे, पण व्यवहारात ते कोणी मोजत नाही. बारीक दाण्यांचे पदार्थ आपण मापाने किंवा वजनाने घेतो. त्यामुळे इंग्रजीने ‘राइस’, ‘शुगर’, ‘सॉल्ट’, ‘फ्लाउअर’ (म्हणजे पीठ) यांना एका ढिगासारखे मानले, हे स्पष्टीकरण बऱ्याच शब्दांना लागू पडते.

मात्र ते सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘व्हीट’, म्हणजे गहू, अनकाउंटेबल आहे, तर ‘ओट्स’ हा शब्द नेहमी अनेकवचनात येतो. आकाराने दोन्ही धान्यांत मोजण्याइतका फरक नाही. ‘कॉर्न’ आणि ‘बार्ली’ अनकाउंटेबल आहेत, पण ‘बीन्स’, ‘पीज’ आणि ‘लेंटिल्स’ काउंटेबल आहेत. ‘स्पगेटी’ हा शब्द मूळ इटालियनमध्ये अनेकवचनी असूनही इंग्रजीत येताच अनकाउंटेबल झाला आणि ‘द स्पगेटी इज रेडी’ असे म्हणतात; ‘नूडल्स’ मात्र अनेकवचनीच राहिल्या आणि त्यांच्यासाठी ‘द नूडल्स आर रेडी’ असे म्हणावे लागते. वाटाण्याची गोष्ट तर याहून गमतीची आहे. जुन्या इंग्रजीपासून चालत आलेले ‘पीज’ हे रूप एकवचनी होते. त्याच्या शेवटचा ध्वनी अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा ऐकू येत असल्याने लोकांनी तो काढून टाकला आणि सतराव्या शतकाच्या सुमारास ‘पी’ हे नवे एकवचन तयार झाले. ज्या भाषेत एका कडधान्याचा गट केवळ कानाच्या समजुतीने बदलला, तिच्यात प्रत्येक शब्दामागे तर्क शोधत बसू नये, असे माझे मत आहे.

येथे मराठी भाषकाची एक खास अडचण आहे. आपण ‘तांदूळ संपले’ असे अनेकवचनात म्हणतो आणि ‘भात संपला’ असे एकवचनात म्हणतो. इंग्रजीत दोहोंना ‘राइस’ हा एकच शब्द आहे आणि तो दोन्ही वेळा एकवचनीच राहतो. ‘द राइस आर फिनिश्ड’ असे वाक्य ऐकले की शिकवणारे त्याला निष्काळजीपणा म्हणतात, पण तो विद्यार्थी खरे तर मराठीचा नियम काटेकोरपणे पाळत असतो. उलट बाजूने, मराठीत ‘डाळ शिजली’ हे एकवचन आहे आणि इंग्रजीत ‘द लेंटिल्स आर कुक्ड’ हे अनेकवचन. तेव्हा अंदाज करताना मराठी वाक्याच्या वचनावर विसंबून राहू नये.

‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘सम’ आणि ‘एनी’ कोणाबरोबर वापरायचे?

‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ यांचा मूळ अर्थच ‘एक’ असा असल्याने ते फक्त एकवचनी काउंटेबल नामाबरोबर येतात, जसे ‘अ बनाना’, ‘अ‍ॅन ऑरेंज’, ‘अ‍ॅन एग’. ‘अ मिल्क’, ‘अ राइस’, ‘अ बटर’ असे लिहिले की ते चूक धरले जाते. ‘सम’ दोन्हीकडे चालते, पण काउंटेबल नाम अनेकवचनात असावे लागते, म्हणून ‘सम मिल्क’ आणि ‘सम एग्ज’ दोन्ही बरोबर आहेत. नकारार्थी वाक्यांत आणि बहुतेक प्रश्नांत ‘सम’ऐवजी ‘एनी’ येते, जसे ‘देअर इजन्ट एनी मिल्क’ किंवा ‘आर देअर एनी एग्ज?’. कोणाला काही घेण्याचा आग्रह करताना किंवा स्वतः मागताना मात्र प्रश्नातही ‘सम’च वापरतात. ‘वुड यू लाइक सम टी?’ हे वाक्य त्याचे नेहमीचे उदाहरण आहे.

आपल्याकडून होणारी दुसरी चूक याच्या उलट आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. मराठीत ‘मी सफरचंद खाल्ले’ हे वाक्य ‘एक’ न म्हणता पूर्ण होते. इंग्रजीत एकवचनी काउंटेबल नाम असे उघडे ठेवता येत नाही. त्याच्या आधी ‘अ‍ॅन’, ‘द’, ‘माय’, ‘दिस’ असे काहीतरी हवेच. म्हणून ‘आय एट अ‍ॅपल’ चुकीचे आणि ‘आय एट अ‍ॅन अ‍ॅपल’ बरोबर. आवडनिवड सांगताना काउंटेबल नाम अनेकवचनात आणि अनकाउंटेबल नाम जसेच्या तसे ठेवतात, म्हणून ‘आय लाइक अ‍ॅपल्स’ आणि ‘आय लाइक राइस’. या दोन्ही वाक्यांत ‘द’ घालायचे नसते, कारण येथे एखाद्या ठरावीक सफरचंदाविषयी किंवा ठरावीक भाताविषयी बोलणे चाललेले नाही.

‘किती’ विचारताना ‘हाउ मच’ म्हणायचे की ‘हाउ मेनी’?

अनकाउंटेबल नामासाठी ‘हाउ मच’ आणि काउंटेबल नामाच्या अनेकवचनासाठी ‘हाउ मेनी’. म्हणजे ‘हाउ मच शुगर?’ आणि ‘हाउ मेनी एग्ज?’. किंमत विचारतानाचे ‘हाउ मच इज इट?’ सर्वत्र चालते, कारण तेथे प्रश्न पैशांविषयी असतो आणि ‘मनी’ हा शब्द अनकाउंटेबल आहे. आपल्याकडे ‘पैसे’ अनेकवचनी असल्याने ‘हाउ मेनी मनी’ असे तोंडून निसटते, त्याकडे मुद्दाम लक्ष ठेवावे.

साध्या होकारार्थी वाक्यात ‘मच’ अवघडल्यासारखे वाटते. ‘आय ड्रिंक मच टी’ असे इंग्रजी बोलणारे सहसा म्हणत नाहीत. ते ‘आय ड्रिंक अ लॉट ऑफ टी’ म्हणतात. ‘टू मच शुगर’ किंवा ‘सो मच फूड’ मात्र पूर्ण नैसर्गिक आहे. गट आठवेनासा झाला तर ‘अ लॉट ऑफ’ हा हाताशी ठेवावा असा शब्दप्रयोग आहे, कारण तो साखरेलाही चालतो आणि अंड्यांनाही. ‘प्लेंटी ऑफ’ आणि ‘इनफ’ यांचेही तसेच आहे.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’, ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांत ‘अ’ने काय बिघडते?

अर्थच बदलतो. ‘फ्यू’ काउंटेबल नामाबरोबर आणि ‘लिटल’ अनकाउंटेबल नामाबरोबर येते, इथवर सर्वांना ठाऊक असते. पण ‘देअर इज अ लिटल मिल्क’ म्हणजे ‘थोडे दूध आहे, भागेल’, आणि ‘देअर इज लिटल मिल्क’ म्हणजे ‘दूध फारसे नाहीच’. त्याचप्रमाणे ‘अ फ्यू टोमॅटोज’ म्हणजे चार-दोन टोमॅटो आहेत, आणि ‘फ्यू टोमॅटोज’ म्हणजे जेमतेमच आहेत. मराठीत हा फरक आपण ‘थोडे आहे’ आणि ‘फारसे नाही’ अशा दोन वेगळ्या वाक्यांनी दाखवतो, म्हणून इंग्रजीतला एका अक्षराचा फरक कानाला पटकन जाणवत नाही.

‘लेस एग्ज’ म्हणणे चूक आहे का?

परीक्षेत आणि काळजीपूर्वक लिहिलेल्या मजकुरात ‘फ्यूअर एग्ज’ आणि ‘लेस मिल्क’ असेच लिहावे. बोलण्यात मात्र पुष्कळ इंग्रज आणि अमेरिकन लोक मोजण्याजोग्या वस्तूंनाही ‘लेस’ लावतात. हा वापर काही आजचा नाही; नवव्या शतकातल्या जुन्या इंग्रजी लेखनातही तो आढळतो. काउंटेबल नामांसाठी ‘फ्यूअर’ अधिक शोभते, असे मत इंग्रजी भाषेवर लिहिणारे लेखक रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये मांडले आणि पुढे त्या मताचा नियम झाला. त्यामुळे दुसऱ्याच्या बोलण्यातले ‘लेस’ दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये, आपल्या लेखनात मात्र ‘फ्यूअर’ सांभाळावे.

‘दोन ब्रेड द्या’ हे इंग्रजीत कसे म्हणायचे?

आधी तुम्हाला दोन काय हवे आहेत ते ठरवावे लागेल. दोन अख्खे पाव हवे असतील तर ‘टू लोव्ह्ज ऑफ ब्रेड’, आणि दोन काप हवे असतील तर ‘टू स्लाइसेस ऑफ ब्रेड’. मराठीत ‘ब्रेड’ हा शब्द पाकिटालाही चालतो आणि कापालाही चालतो. इंग्रजीतला ‘ब्रेड’ पदार्थाचे नाव सांगून थांबतो, आणि नगाचे नाव वेगळे घ्यावे लागते. भाजलेल्या कापाचेही तसेच आहे. ‘टोस्ट’ अनकाउंटेबल असल्याने ‘अ स्लाइस ऑफ टोस्ट’ किंवा ‘अ पीस ऑफ टोस्ट’ म्हणतात. नुसते ‘अ टोस्ट’ म्हटले तर त्याचा अर्थ एखाद्याच्या सन्मानार्थ पेला उंचावणे असा होतो.

नग, माप किंवा भांडे सांगणारे हे शब्द त्या त्या पदार्थाबरोबर जोडीनेच पाठ करावेत. मिठाची चिमूट ‘अ पिंच ऑफ सॉल्ट’, लसणाची पाकळी ‘अ क्लोव्ह ऑफ गार्लिक’ आणि अख्खा गड्डा ‘अ हेड ऑफ गार्लिक’, तांदळाचा दाणा ‘अ ग्रेन ऑफ राइस’, चॉकलेटची वडी ‘अ बार ऑफ चॉकलेट’, मधाची बरणी ‘अ जार ऑफ हनी’, द्राक्षांचा घड ‘अ बंच ऑफ ग्रेप्स’, मक्याचे कणीस ‘अ‍ॅन इअर ऑफ कॉर्न’. यांतल्या द्राक्षांकडे लक्ष द्यावे: हा शब्द काउंटेबल असल्याने ‘ऑफ’नंतर अनेकवचनात आला आहे, तर गार्लिक, राइस आणि हनी जसेच्या तसे राहिले आहेत.

सर्वाधिक चुका ‘दोन कप चहा’ यासारख्या ठिकाणी होतात. मराठीत ‘कप’ एकात आणि अनेकांत सारखाच राहतो, आणि कप व चहा यांच्यामध्ये जोडणारा शब्दही लागत नाही. त्यामुळे ‘टू कप टी’ असे सरळ भाषांतर होते. इंग्रजीत अनेकवचनाचा प्रत्यय मापाला लागतो, मध्ये ‘ऑफ’ येते आणि पदार्थ बदलत नाही, म्हणून ‘टू कप्स ऑफ टी’, ‘थ्री ग्लासेस ऑफ वॉटर’, ‘फाइव्ह किलोज ऑफ फ्लाउअर’. प्रत्ययाचा उच्चारही तिन्ही ठिकाणी वेगळा आहे, तो ऐकून घ्यावा: ‘कप्स’मध्ये स, ‘किलोज’मध्ये ज, आणि ‘ग्लासेस’मध्ये एक पूर्ण अवयव वाढतो.

क्रियापद केव्हा एकवचनी ठेवायचे?

अनकाउंटेबल नाम एकटे असेल तेव्हा नेहमीच एकवचनी, जसे ‘द मिल्क इज कोल्ड’. मापाचा शब्द आला की साधारणपणे क्रियापद त्या मापाप्रमाणे चालते, म्हणून ‘टू स्लाइसेस ऑफ ब्रेड आर ऑन द प्लेट’. मात्र वजन किंवा आकारमान मिळून एकच परिमाण मानले जात असेल तर क्रियापद एकवचनी होते. ‘टू किलोज ऑफ शुगर इज इनफ’ हे बरोबर आहे. ‘मिल्क अँड शुगर आर ऑन द टेबल’ यात दोन वेगळे पदार्थ असल्याने अनेकवचन आले आहे, तर ‘ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफस्ट’ यात लोणी लावलेला पाव हा एकच पदार्थ अभिप्रेत असल्याने एकवचन आले आहे.

एकच शब्द कधी काउंटेबल आणि कधी अनकाउंटेबल कसा असतो?

खाद्यपदार्थांच्या शब्दांत हे इतके सर्रास घडते की सरावाच्या वहीत दोनच रकाने आखणे मला अपुरे वाटते. तिसरा रकाना ‘दोन्ही’ या नावाचा असावा. ‘चिकन’ म्हणजे कोंबडीचे मांस, पण ‘अ चिकन’ म्हणजे एक अख्खी कोंबडी. म्हणूनच ‘आय एट अ चिकन फॉर लंच’ असे कोणी सहज म्हणाले तर ऐकणाऱ्याला त्याच्या भुकेचे आश्चर्य वाटते. ‘केक’ म्हणजे केकचा थोडा भाग, ‘अ केक’ म्हणजे पूर्ण केक. ‘चॉकलेट’ म्हणजे पदार्थ, ‘अ चॉकलेट’ म्हणजे खोक्यातली एक गोळी. मिरीसाठीचा ‘पेपर’ हा शब्द (कागदासाठीचा ‘पेपर’ नव्हे) अनकाउंटेबल असेल तर मिरपूड आणि काउंटेबल असेल तर ढोबळी मिरची. येथे गट चुकला तर पदार्थच बदलतो.

अंडे हे यातले सर्वांत चांगले उदाहरण आहे, कारण त्याच्याइतकी मोजण्याजोगी वस्तू स्वयंपाकघरात दुसरी नसेल. तरीही ते खाताना सदऱ्यावर सांडले तर इंग्रजीत ‘देअर इज एग ऑन युअर शर्ट’ असेच म्हणतात. ‘देअर इज अ‍ॅन एग ऑन युअर शर्ट’ म्हटले तर सदऱ्यावर एक अख्खे अंडे ठेवलेले आहे असे चित्र उभे राहते. तत्त्वज्ञ फ्रान्सिस जेफ्री पेलेटियर यांनी १९७५ मध्ये ‘युनिव्हर्सल ग्राइंडर’ नावाचे एक काल्पनिक यंत्र याच संदर्भात मांडले होते. कोणतीही वस्तू त्या यंत्रात घालावी, दुसऱ्या बाजूने तिचा लगदा बाहेर पडतो, आणि त्या लगद्यासाठी तेच नाम अनकाउंटेबल होऊन वापरता येते. अंड्याचे, कांद्याचे, बटाट्याचे हेच होते. सुटा असताना ‘अ‍ॅन ओनियन’, चिरून सूपमध्ये गेला की ‘सम ओनियन’. सुटे असताना ‘थ्री पोटॅटोज’, कुस्करले की ब्रिटिश इंग्रजीत ‘मॅश्ट पोटॅटो’. अमेरिकन इंग्रजीत मात्र कुस्करल्यावरही ‘मॅश्ट पोटॅटोज’ असे अनेकवचनच ठेवतात.

हॉटेलात ‘टू कॉफीज’ म्हटलेले चालते का?

चालते, आणि तेच नेहमीचे आहे. येथे उलटा प्रकार घडतो: अनकाउंटेबल पदार्थ ठरावीक भांड्यात किंवा मापात येत असल्याने त्याचा एक नग मानला जातो. ‘टू कॉफीज’, ‘थ्री टीज’, ‘अ वॉटर’ हे सारे ऑर्डर देताना योग्य आहे, आणि चहात दोन चमचे साखर घालायची असल्यास ‘टू शुगर्स’ असेही म्हणतात. आपण ‘दोन चहा’ म्हणतोच, त्यामुळे हे आपल्याला जड जात नाही. फक्त लेखी परीक्षेत ‘टू कप्स ऑफ कॉफी’ लिहिणे सुरक्षित असते.

अशा पदार्थांच्या अनेकवचनाचा आणखी एक प्रसंग प्रकार सांगतानाचा आहे. ‘चीजेस’ म्हणजे चीजचे निरनिराळे प्रकार, ‘ऑइल्स’ म्हणजे निरनिराळी तेले.

‘फ्रूट’, ‘व्हेजिटेबल’, ‘फूड’ आणि ‘फिश’ यांचे काय?

‘व्हेजिटेबल’ सरळ काउंटेबल आहे, म्हणून ‘ईट युअर व्हेजिटेबल्स’. ‘फ्रूट’ मात्र बहुतेक वेळा अनकाउंटेबल वापरतात. ‘आय ईट अ लॉट ऑफ फ्रूट’ हे नैसर्गिक वाक्य आहे, एकच फळ असेल तर ‘अ पीस ऑफ फ्रूट’, आणि ‘फ्रूट्स’ हे मुख्यतः फळांच्या निरनिराळ्या जाती सांगताना. फळे आणि भाज्या एकाच बाजारात शेजारी असूनही भाषेने त्यांना अशी वेगळी वागणूक दिली आहे. ‘फूड’ अनकाउंटेबल आहे, ‘फूड्स’ म्हणजे अन्नाचे प्रकार. ‘फिश’ खाण्याच्या अर्थाने अनकाउंटेबल आहे. जिवंत मासे मोजताना तो काउंटेबल होतो, पण रूप बदलत नाही, ‘वन फिश’, ‘टू फिश’.

कोणते शब्द कोणत्या गटात, याचा एखादा पक्का नियम आहे का?

पक्का नियम नाही, पण काही ढोबळ खुणा आहेत. द्रव, पीठ, पूड, तेल-तूप, मांस आणि दुधापासून केलेले बहुतेक पदार्थ अनकाउंटेबल असतात. हातात एकेक धरता येणारी फळे, बिस्किटे, सँडविच हे काउंटेबल. अडचण भाज्यांची आहे. ‘कॅरट’, ‘टोमॅटो’, ‘मश्रूम’ काउंटेबल आहेत, तर ‘स्पिनच’, ‘ब्रॉकली’, ‘गार्लिक’, ‘जिंजर’ अनकाउंटेबल आहेत. कांदा आणि लसूण एकाच टोपलीत राहतात, पण ‘टू ओनियन्स’ बरोबर आणि ‘टू गार्लिक्स’ चूक. येथे पाठांतराला पर्याय नाही.

शंका आली तर शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी शब्दकोश उघडावा. अशा कोशांत नामाच्या अर्थाशेजारी गट दिलेला असतो, काहींत पूर्ण शब्दाने आणि काहींत ‘सी’ किंवा ‘यू’ या अक्षराने. नुसते शब्दावर न थांबता प्रत्येक अर्थापुढचे अक्षर पाहावे, कारण वर सांगितलेल्या ‘चिकन’सारख्या शब्दांत ते अर्थागणिक बदलते.

घरी एकट्याने सराव कसा करावा?

तक्ते पाठ करण्यापेक्षा एक पदार्थ हाती घ्यावा. समजा ऑम्लेट करायचे आहे. प्रथम लागणाऱ्या वस्तूंची यादी इंग्रजीत मोठ्याने म्हणावी, आणि एकही नाम उघडे ठेवायचे नाही असा दंडक घालून घ्यावा: ‘थ्री एग्ज, अ‍ॅन ओनियन, अ टोमॅटो, सम चीज, अ लिटल ऑइल, अ पिंच ऑफ सॉल्ट’. मग प्रत्येक वस्तूसाठी स्वतःलाच प्रश्न विचारून उत्तर द्यावे. ‘आर देअर एनी एग्ज? येस, देअर आर अ फ्यू.’ ‘इज देअर एनी चीज? येस, बट देअर इजन्ट मच.’ ‘हाउ मेनी ओनियन्स डू वी नीड? जस्ट वन.’ ‘हाउ मच ऑइल डू वी नीड? अ लिटल.’ या चार प्रश्नोत्तरांत ‘इज’ आणि ‘आर’, ‘मच’ आणि ‘मेनी’, ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ या तिन्ही जोड्या येऊन जातात. शेवटी कृती सांगावी, आणि तेथे ‘चॉप द ओनियन’, ‘अ‍ॅड द सॉल्ट’ असे ‘द’ येईल, कारण आता त्या वस्तू ठरलेल्या आहेत.

मूल बरोबर असेल तर त्याला ‘काउंटेबल’ ही संज्ञा सांगण्याची घाई करू नये. ‘हाउ मेनी’ म्हटले की त्याने वस्तू बोटांनी मोजायची आणि ‘हाउ मच’ म्हटले की हातांनी थोडे किंवा जास्त दाखवायचे, एवढा खेळ पुरेसा होतो.

स्वतःला तपासण्यासाठी एखादा उतारा द्याल का?

पुढील उताऱ्यात आठ चुका आहेत. उत्तर वाचण्यापूर्वी त्या शोधून पाहाव्यात.

‘आय बॉट टू ब्रेड्स, अ बटर, फाइव्ह एग, अ लिटल टोमॅटोज, टू किलो ऑफ राइस अँड मच ग्रेप्स. द राइस वेअर गुड, बट द मिल्क वेअर नॉट फ्रेश.’

दुरुस्त उतारा असा: ‘आय बॉट टू लोव्ह्ज ऑफ ब्रेड, सम बटर, फाइव्ह एग्ज, अ फ्यू टोमॅटोज, टू किलोज ऑफ राइस अँड अ लॉट ऑफ ग्रेप्स. द राइस वॉज गुड, बट द मिल्क वॉज नॉट फ्रेश.’ पहिल्या चुकीच्या जागी ‘टू पॅकेट्स ऑफ ब्रेड’ असे लिहिले असेल तरी ते बरोबर धरावे. ‘मच ग्रेप्स’च्या जागी ‘मेनी ग्रेप्स’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण अशा साध्या वाक्यात ते पुस्तकी वाटते. आणि उत्तर लिहून काढले असेल तर ‘टोमॅटोज’चे स्पेलिंग एकदा पाहून घ्यावे, त्याच्या अनेकवचनात शेवटच्या ‘एस’च्या आधी ‘ई’ लागतो, ‘पोटॅटोज’मध्येही लागतो, आणि ‘किलोज’मध्ये मात्र लागत नाही.